घरचं जहाज

"दर्यानं दारात काय पन आणून टाकलान, तरी त्याला परका म्हणू नको रे. आधी आपला म्हण, मग गाऱ्हाणा घाल. दर्या आपल्याच मानसाचा ऐकतो."

बाप जाऊन किती पावसाळे झाले, पण हा आवाज काशीराम तांडेलाच्या कानात अजून ओला होता. नाटे गावच्या किनाऱ्याला कधी ओंडका लागायचा, कधी रिकामं पिंप, एकदा तर मेलेला भला थोरला मासा लागला होता. काशीरामने प्रत्येकापुढे नारळ ठेवला, प्रत्येकाला आपलं म्हटलं, आणि पुढच्या उधाणाला ते ते निमूट निघूनही गेलं. मग श्रावणातल्या वादळात एक आख्खं मालवाहू जहाज त्याच्या घरासमोर, खाडीच्या तोंडावर रुतून बसलं, तेव्हा त्याने दुसरं काय करायचं?

खलाशांना सोडवून नेलं होतं. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला कुलूप होतं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, आणि काशीरामच्या होडीला बाहेर पडायला वाट राहिली नव्हती. त्याने गाव जमवला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि खड्या आवाजात सुरू झाला :

"बा दर्या म्हाराजा! ह्या जहाज आमच्या घरचा हाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

"त्याची चूक ती आमची चूक, त्याचा भार तो आमचा भार म्हाराजा! पन आमची वाट मोकळी कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

जहाज हललं नाही. शेजारच्या धाकूने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मात्र असा सुटला की संध्याकाळपर्यंत चिपळुणात पोचला.

दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर सरकारी गाडी थांबली. छत्री मिटत बंदराचे साहेब, गुरुप्रसाद नावाचे, उतरले आणि त्यांनी हात जोडले. "काशीराम तांडेल आपणच? चला, मालक सापडले!"

"कसले मालक?"

"जहाजाचे. अडकलेलं जहाज हलवणं, त्याचं तेल सांडलं तर निस्तरणं, कुणाचं नुकसान झालं तर भरून देणं, ही सगळी कायद्याने मालकाची जबाबदारी. कंपनीवाले फोन उचलत नाहीत. तुम्ही तर स्वतःहून पुढे आलात."

साहेबांनी व्हिडिओ लावला. गाव पुन्हा गरजला. काशीरामच्या हातातली चहाची बशी तिरकी होऊन अर्धा चहा लेंग्यावर गेला, तरी त्याला चटका कळला नाही.

"अवो सायेब, ता गाऱ्हाणा हाय!"

"असेल. पण चूक आमची, भार आमचा, असं कुठला मालक इतकं स्वच्छ बोलतो? आणि साक्षीला आख्खा गाव. एवढे साक्षीदार मला उभ्या नोकरीत मिळाले नाहीत." मग साहेबांनाच दया आली. "बरं, सोपं करू. मी खोटं बोललो, एवढं लिहून द्या. सुटलात."

काशीरामने समुद्राकडे पाहिलं. "दर्यासमोर उभा राहून खोटा बोललो, असा लिवून देऊ? मग होडी घेऊन कुठल्या तोंडानं त्याच्यावर जाऊ?"

"मग जहाज तुमचं."

साहेब गेले आणि गाव आला. आधी सखू आली, कालवांची टोपली घेऊन. "काशीराम, वास घे. तुझ्या जहाजाचा तेल लागलाय."

"माझा जहाज?"

"मग माझा? काल बोललास ना!"

पाठोपाठ आत्मारामभाऊ. जहाजावरचा दिवा वाऱ्याने हलतो आणि थेट त्यांच्या खिडकीतून उशीवर येतो. "मालवून टाक तेवढा."

"काल तुमीच सगळ्यात मोठ्यानं होय म्हाराजा म्हटलात, भाऊ!"

"मी होय म्हटलं. माझा हाय, असं नाय म्हटलं."

दुपारी राजापुरातून काही पोरं आली आणि जहाजाबरोबर फोटो काढायची परवानगी मागू लागली. काशीराम मान हलवणार एवढ्यात एकाने जहाजावर दगड भिरकावला. "ए मेल्या! घरचा जहाज हाय ता!" काशीराम ओरडला आणि स्वतःच दचकला. दारातून त्याच्या बायकोने, चिमाने, कपाळावर हात मारला. "अवो, आता जाऊन रंग पन लावा त्याला!"

माडीवरच्या खोलीत उतरलेली पाहुणी, मुंबईची हेतल, हे सारं खिडकीतून बघत होती. समुद्र बघायला आले, म्हणाली होती. भर पावसात! चिमा तिला दोन वेळा तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढायची, आणि ही बाई घास हातात धरून त्या जहाजाकडेच बघत बसायची. "काकू, ते बुडणार नाही ना?" एवढंच विचारायची.

तिसऱ्या दिवशी खरा घाला पडला. साहेब साखळी घेऊन आले आणि काशीरामच्या होडीपाशी उभे राहिले.

"माझाही नाइलाज आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एका जहाजाची जबाबदारी निभावली नाही, तर मालकाची दुसरी नौका अडकवून ठेवता येते. आज एक काय ते लिहून द्या. खोटं बोललो, नाहीतर जहाज माझं."

चिमाच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. "लिवा खोटा बोललो म्हणून! दर्या काय वाचायला बसलाय?"

"वाचत नाय, गो. पन त्यानं ऐकलान ना."

काशीरामने होडीच्या नाळेवरून, तिच्या पुढच्या उंच टोकावरून, हात फिरवला, लेकराच्या गालावरून फिरवावा तसा. ती होडी बापाने बांधलेली. सगळा हंगाम तिच्या पोटात. मग त्याने पेन मागितलं आणि लिहायला लागला. अक्षर स्पष्ट होतं : जहाज माझ...

"काका, थांबा!"

हेतल अनवाणी धावत आली होती. हाताला सांबारं तसंच. बघायला जमलेल्यांतल्या सखूची टोपली कमरेवरून घसरली.

"वकिलांनी सांगितलं होतं, गप्प बसायचं. ऑफिसला कुलूप घालायचं, फोन बंद ठेवायचा, आपोआप सगळं थंड होईल." तिला धाप लागली होती. "मी फक्त एकदा लांबून बघायला आले होते. बाबांनी घेतलेलं शेवटचं जहाज ते."

काशीरामच्या बोटांतून तिने अलगद पेन काढून घेतलं.

"साहेब, ते यांचं नाही. माझं आहे."