रखमीकाकींचं कूजन

उधवा गावच्या नव्या समाजमंदिराच्या उद्घाटनाला निवेदन करायला मिळालं, म्हणून नवीनसर खुशीत होते. मूळचे चिखल्याचे, गावात मराठी शिकवायला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. लग्नातली गाणी म्हणणाऱ्या रखमीकाकींचा गळा आसपासच्या गावांत नावाजलेला. त्यांच्या गाण्याला नुसतं ‘गोड गाणं’ म्हणणं सरांना फारच फिकं वाटलं. पंगत बसली होती. सरांनी माईक घेतला आणि जाहीर केलं, “आता ऐकू या, रखमीकाकींचं कूजन.”

कर्णा खरखरत होता. काहीतरी कुजलंय असं सर सांगतायत, हे मागे बसलेल्या लाडकीने शेजारणीला सांगितलं. शेजारणीने वरण हुंगलं. वरण उत्तम होतं, पण संशयाने हुंगलं की चांगलं वरणही आंबूस लागतं. पत्रावळ्या पुढे सरकल्या.

सकाळपासून चुलीपुढे राबलेल्या सोनीबाई डाव हातात घेऊनच आल्या. “सर, काय कुजलं माझं?”

सरांचे कान तापले. कूजन म्हणजे काय ते सगळ्यांना पटावं म्हणून त्यांनी मोबाईलवर शब्दकोश उघडला आणि आधी न बघताच माईकवर वाचलं, “कूजन. एक, पक्ष्यांचा मधुर आवाज. दोन, पोटात होणारी गुरगुर.”

दुसरा अर्थ त्यांनाही नवा होता. ‘पोट’ ऐकताच पंगतीतल्या मुकेशने आपली पोर कडेवर उचलली, आणि त्याच्यामागे पंगतच उठली. सोनीबाई पदराने डोळे टिपू लागल्या. सर मेल्याहून मेल्यासारखे झाले. रिकाम्या पंगतीत ते एकटेच जाऊन बसले. सोनीबाई वाढत गेल्या, ते खात गेले. पुरे म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

तेव्हा रखमीकाकींनी गळा मोकळा केला. लग्नात व्याह्यांची टिंगल करतात, त्याच चालीवर:

“गुरुजी माईकवर बोललं गं,
आमचं वरण कुजलं गं,
नि भात एकट्यानं गिळला गं.”

बायका हसल्या, हसत हसत परत बसल्या, आणि सगळं वरण संपलं.

पुढच्या वर्षी सरांचं लग्न डहाणूला झालं. उधव्यातल्या कुणालाही त्यांनी बोलावलं नाही. पंगतीत नवरीला घास भरवायला त्यांनी हात उचलला, तोच मुलीकडच्या बायकांनी सूर धरला, “गुरुजी माईकवर बोललं गं…”

नवरी, दक्षा, पदराआड हसली. “आमच्याकडे हल्ली सगळ्या लग्नांत म्हणतात. अहो, कोण असतील हो हे गुरुजी?”

“असतील कुणीतरी,” सर पानाकडे बघत म्हणाले.