कापसावरचे जलतरण

समुद्रात सुरक्षित राहण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे समुद्रापासून दूर राहणे. या दृष्टीने मध्य प्रदेशातले आमचे सौंसर हे देशातले एक आदर्श सागरी ठिकाण मानावे लागेल. (हे माझे मत. चूक असू शकते.)

तरीही यंदा आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने कोकणच्या किनाऱ्यावर सहल ठरवली. उद्देश : सुरक्षित पोहणे व जलक्रीडा. आयुष्यात एकदा तरी समुद्रात कमरेपर्यंत उतरायचे, हा हट्ट माझी पत्नी कलाबाई हिने लग्नापासून धरलेला. म्हणून आम्हीही नाव दिले.

मंडळात एकालाही पोहता येत नव्हते. मी पोहण्यावरचे एक पुस्तक वाचले असल्याने मला प्रशिक्षक नेमण्यात आले. (नाही म्हणायचे तर सभेत उठून बोलावे लागले असते.) पाण्यात शिकणे धोक्याचे, सबब प्रशिक्षण मंडळाचे सदस्य केशवराव यांच्या घरी साठवलेल्या कापसाच्या ढिगावर झाले. सदस्य पालथे पडत, मी वाचून दाखवी, ते हातपाय मारीत. निकाल पुढीलप्रमाणे : बुडालेले शून्य, शिंका पुष्कळ, झोप लागलेले दोन (पैकी एक घोरले, म्हणजे श्वसन उत्तम). बायका वाटेच्या फराळात गुंतल्याने अप्रशिक्षित राहिल्या.

किनारा रमणीय निघाला. वाळूत दोन झेंडे रोवलेले, त्यांच्या मधले पाणी सुरक्षित, शेजारी जीवरक्षक. आमचे अध्यक्ष दिलीपभाऊ मूळचे पांढुर्ण्याचे. तिथल्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेत, जाम नदीच्या काठी उभे राहून कपाळावर दगड झेललेले. पहिली लाट त्यांच्या घोट्याला लागली आणि ते थेट नारळाच्या झाडापर्यंत मागे गेले.

"हे पाणी त सरकून राहिलं ना बाप्पा!" ते म्हणाले. "कापूस असा सरकत नोहता."

मुद्दा गंभीर होता. तिथेच तातडीची सभा भरली. सर्वानुमते ठरले, की आपले प्रशिक्षण परिपूर्ण आहे. उणीव समुद्रात आहे. तो सुधारेपर्यंत प्रशिक्षितांनी लाइफ जॅकेट घालून वाळूत बसावे. अप्रशिक्षितांचा तर प्रश्नच नव्हता. जलक्रीडा म्हणून उभ्या जेट स्कीला टेकून फोटो काढण्यात आले.

कलाबाईने ठराव ऐकला आणि पदर खोचला.

"अवं, पन तुयं प्रशिक्षण नाही झालं," मी हळूच म्हणालो.

"बरं झालं. नाही त मीबी इथंच बसली असती. मी फोटो काढाले नाही आली जी, भिजाले आली."

जीवरक्षकाला विचारून ती झेंड्यांच्या मधे उतरली. घोटे, गुडघे, कंबर. एक लाट तिच्या डोक्यावरून गेली. मी उभा राहिलो. (यापुढे काय करावे, हे पुस्तकात नव्हते.) लाट ओसरली तेव्हा ती नाकातले पाणी पुसत हसत होती, चाळीस वर्षांत तिचे असे हसणे मी ऐकले नव्हते.

"या ना जी! कमरेएवढंच त हाय!"

मी हात हलवला. बराच वेळ हलवत राहिलो. हाताची ढब पुस्तकाप्रमाणे अगदी अचूक होती.

आपल्याला हसू येत असेल. पण आपणही हे सारे कोरड्या जागी बसून वाचलेत, आणि समुद्राविषयी आता आपल्याला थोडेफार कळले, असेही आपल्याला वाटते आहे. अभिनंदन, आपले प्रशिक्षण पूर्ण झाले. लाइफ जॅकेट घाला आणि इथे वाळूत या. मी जरा सरकून बसतो.