बंद न करता येणारा खेळ

गुहेतला जादूगार रविवारी सकाळी एकदाचा मेला आणि चष्मेवाल्याची खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

आठवडाभर चष्मेवाला बाजारातल्या आपल्या दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायचा. उरलेल्या वेळात तो जुने जपानी व्हिडिओ गेम खेळायचा. या खेळांत खेड्यातला एखादा तरुण जग वाचवायला निघतो आणि वाटेत इतका वेळ लावतो की तेवढ्यात जग आपलं आपण सावरलं असतं. माणसं बोलतात फार. लढाईआधी बोलतात, लढाईनंतर बोलतात आणि मरणारा तर सर्वांत जास्त बोलतो. मधल्या रस्त्यात दर चार पावलांवर लांडगे अंगावर येतात. नायकाच्या अंगी थोडं बळ यावं म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा मारत बसावं लागतं. बायकोने एकदा विचारलं होतं, याच लांडग्याला काल मारलं होतंस ना? हा वेगळा आहे, असं त्याने सांगितल्यावर ती म्हणाली होती, त्याच्या घरच्यांना तरी फरक कळतो का?

तरीही त्याचा जीव या खेळांवर होता. या जादूगाराशी तो कितीतरी आठवडे झुंजत होता. दर वेळी अगदी शेवटच्या घटकेला तो म्हातारा आकाशातून एक धूमकेतू खाली आणायचा आणि सगळं संपायचं. त्या दिवशी धूमकेतू पडला, तरी नायकाच्या अंगात एक थेंबभर जीव उरला आणि त्या थेंबावर चष्मेवाल्याने लढाई जिंकली.

पण खेळ जपून ठेवायचा, म्हणजे सेव्ह करायचा, तर गुहेबाहेरच्या निळ्या दगडापाशीच जावं लागत होतं. दगडापर्यंत पोचण्याआधी जादूगाराचं मरणाचं लांबलचक भाषण होतं, आणि ते वगळायची सोय खेळात नव्हती. भाषण सुरू झालं, एक मुलगी त्याच्या उशाशी बसून रडू लागली आणि तेवढ्या निवांतपणात चष्मेवाल्याला दोन गोष्टी आठवल्या. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर बदलणार असल्याने दुपारपासून संध्याकाळपर्यंत वीज जाणार होती. तसा कागद जिन्यात लावलेला होता. आणि दुपारच्या आत, म्हणजे लगेच निघून, त्याला हॉस्पिटलात पोचायचं होतं.

त्याच्या सासऱ्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा फुगा भरला आणि तो पडद्याला टेकून राहावा म्हणून डॉक्टरांनी त्यांना दिवसरात्र पालथं झोपायला सांगितलं. पालथ्या माणसाला पाणीसुद्धा दुसऱ्याने द्यावं लागतं. बायको कालपासून तिथेच होती, आणि आज औषधाच्या दुकानात तिची दुपारची पाळी होती.

खेळाचं यंत्र बंद केलं असतं तर जादूगार पुन्हा जिवंत झाला असता. एकदा असाच दगाफटका झाल्यापासून चष्मेवाल्याने यंत्राला यूपीएस जोडून ठेवला होता. पण ती बॅटरी तासाभरापलीकडे तग धरत नसे. त्याने विचार केला, आणि विचाराअंती जे निघालं ते त्याला तेव्हा अगदी सरळ वाटलं. घरात वीज नसेल, तर जिथे वीज आहे तिथे यंत्र न्यायचं. हॉस्पिटलात वीज असणारच.

सहलीला पाण्याच्या बाटल्या न्यायची एक पांढरी पेटी घरात होती. तिच्यात त्याने यूपीएस ठेवला, त्यावर यंत्र ठेवलं, हवा लागावी म्हणून झाकण अर्धं उघडं ठेवलं आणि भिंतीतला प्लग काढला. यूपीएसने पहिली शीळ घातली. आता ती ठरावीक अंतराने वाजत राहणार होती. पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून तो खाली आला आणि समोर आलेल्या टॅक्सीत बसला. त्याने हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

ड्रायव्हरने आरशातून पेटीकडे पाहिलं. आत हिरवा दिवा लुकलुकत होता. पेटी वाजली.

"चालू आहे अजून?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

"आहे. पण फार वेळ राहणार नाही."

"कुठून आणलं?"

"जपानहून मागवलं होतं. आता मिळत नाहीत अशी."

ड्रायव्हरने गाडीचा वेग वाढवला. मग कुणासाठी, असं त्याने विचारलं. चष्मेवाल्याच्या डोक्यात त्या वेळी फक्त भिंतीतला प्लग होता. तो म्हणाला, "सासऱ्यांच्या खोलीत न्यायचंय. तिथे लावलं की सुटलो."

"सासऱ्यांसाठी," ड्रायव्हर स्वतःशीच म्हणाला. "आजकाल कोण करतं एवढं."

त्यानंतर टॅक्सी जी सुटली ती चष्मेवाल्याला नीट आठवत नाही. हॉर्न वाजत होता, माणसं बाजूला होत होती, एका चौकात तर पोलिसाने हात दाखवून बाकीच्या गाड्या थांबवल्या. हॉस्पिटलच्या दारात ड्रायव्हर आधी उतरला, पळत जाऊन पहारेकऱ्याच्या कानाला लागला आणि परत आल्यावर भाडं घ्यायला काही केल्या तयार होईना. पेटीत सासऱ्यांना बसवायचं हृदय आहे असा काहीतरी यांचा समज झालाय, हे चष्मेवाल्याला तेव्हा उमगलं. पण पहारेकऱ्याने लिफ्ट रिकामी करवून घेतली होती, एका वॉर्डबॉयने ट्रॉली आणली होती आणि पेटी तिच्यावर चढलीही होती. तो म्हणाला, अहो, तसं काही नाही. वॉर्डबॉय म्हणाला, अशा वेळी घरची माणसं गडबडतातच, तुम्ही फक्त चालत राहा.

लिफ्टमधून बाहेर पडल्यावर वॉर्डबॉय ऑपरेशन थिएटरकडे वळला. चष्मेवाल्याने ट्रॉली धरून ठेवली आणि आपल्याला खोलीत जायचं असल्याचं सांगितलं.

"खोलीत कसं लावतील?"

"टीव्हीच्या मागे जागा असते," चष्मेवाला म्हणाला.

ट्रॉली थांबली. वॉर्डबॉयने झाकण उचलून आत बघितलं. आत धूळ बसलेलं काळं यंत्र होतं, वायरींचं भेंडोळं होतं आणि बटणांचा एक ठोकळा होता. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने झाकण होतं तसं ठेवलं. खाली एवढ्या लोकांना लिफ्टमधून उतरवलं आहे, तेव्हा आता ट्रॉली खोलीपर्यंत न्यावीच लागेल, असं तो म्हणाला. फक्त ही गोष्ट खाली कुणाला कळू देऊ नका, माझीही शोभा होईल.

बायको दारातच उभी होती, पर्स खांद्याला. तिने ट्रॉली पाहिली, पेटी पाहिली, पेटीतून आलेली शीळ ऐकली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं. औषधाच्या वेळा तिने एका दमात सांगितल्या आणि जाताना म्हणाली, "दोघांपैकी एकाला तरी नीट सांभाळ."

सासरे पलंगावर पालथे होते. तोंड एका गोल उशीच्या भोकात होतं आणि ते जमिनीशी बोलत होते. घरचे सगळे त्यांना अप्पा म्हणत. आयुष्यभर त्यांनी वीज कंपनीत मीटर तपासायचं काम केलं होतं. जावयाशी ते नेहमीच सभ्यपणे बोलत, मोजकं बोलत, आणि आपल्या मुलीने यात काय पाहिलं हा प्रश्न त्यांनी कधी तोंडावाटे काढला नव्हता.

"आलात?" अप्पा फरशीला म्हणाले. "बॅटरी संपत आलीय कसली तरी. आधी भिंतीला लावा."

चष्मेवाला प्लग शोधू लागला तसे ते पुढे म्हणाले, "वीज हॉस्पिटलची आहे. विचारलंत का कुणाला?"

विचारलं नव्हतं. पेटी आता सलग वाजू लागली होती, तरी तो बाहेर गेला. नर्स एका रुग्णाच्या हाताला सलाईन लावत होती. ते होईपर्यंत तो दारात उभा राहिला आणि आपल्या खोलीतून येणारा आवाज ऐकत राहिला. परवानगी मिळाली. पलंगाजवळचा प्लग सोडून कुठलाही वापरा, म्हणाली. तो पळत आला, प्लग लावला आणि आवाज थांबला. हिरवा दिवा तसाच होता.

पुढचं काम थोडंच होतं. भिंतीवरच्या टीव्हीला वायर जोडून त्याने आवाज बारीक ठेवला. जादूगाराचं भाषण केव्हाच संपलं होतं. मुलगी मात्र कुणीतरी बटण दाबेपर्यंत रडत बसली होती, तासभर. त्याने बटण दाबलं, तिला सोबत घेतलं, गुहेबाहेर आला आणि निळ्या दगडापाशी खेळ सेव्ह केला. मग त्याने इतका मोठा श्वास सोडला की अप्पांनी विचारलं, बरं वाटत नाही का?

"आता बरं वाटतंय, अप्पा."

"ती मुलगी का रडत होती?"

बोलणं जपानीत होतं, पण रडणं कुठल्याही भाषेत कळतं. चष्मेवाल्याने सांगितलं, तिचा बाप मेला. कशाने मेला? मी मारला. का मारलात? तेव्हा तिचा बाप आहे हे ठाऊक नव्हतं.

"चौकशी करायला हवी होती," अप्पा म्हणाले.

बापाने जादू का शिकली, हे सांगायचं तर राजाचं सांगावं लागत होतं, आणि राजाचं सांगायचं तर त्याआधीचं बुडालेलं शहर येत होतं. दर उत्तरामागे आणखी एक गोष्ट निघत होती. अप्पांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, असं तुटक तुटक काही कळत नाही, पहिल्यापासून लावा. मला वाचता येत नाही, बघता येत नाही, फरशीला किती भेगा आहेत ते पाठ झालंय. तुम्ही काय घडतं ते सांगत जा.

अप्पांना मग लेकीच्या घरी आणलं. बैठकीच्या खोलीत पलंग टाकला. चष्मेवाला दुकान बंद करून आला की पहिल्यापासून लावलेला खेळ सुरू होई. एवढ्या वर्षांत कुणी त्याला पुढे काय झालं असं विचारलं नव्हतं. पडद्यावर खाली येणारी इंग्रजी वाक्यं तो मराठीत मोठ्याने वाचू लागला. राजाला राजाचा आवाज, म्हातारीला म्हातारीचा. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची.

घोडं अडलं ते पहिल्याच गावात. या खेळांची रीत अशी की नायक वाटेल त्या घरात शिरतो, कपाटं उघडतो आणि औषधाच्या बाटल्या, नाणी, मिळेल ते घेऊन निघतो. कुणी काही म्हणत नाही. त्याशिवाय निभावही लागत नाही.

"हा कसला आवाज?" अप्पांनी विचारलं.

"कपाट उघडलं."

"कुणाचं?"

"गावातल्या कुणाचं तरी. औषधाची बाटली मिळाली."

"मी जन्मभर लोकांच्या घरी मीटर बघायला गेलो, जावईबापू. हाक मारल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. परत ठेवा ते."

परत ठेवायचं बटण नाही, हे त्याने पुष्कळ समजावलं. अप्पा म्हणाले, मग घेतलंत कशाला? शेवटी यंत्र बंद करून त्याला खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागला, कारण निळा दगड अजून बराच पुढे होता.

आता नायक कुणाच्या घरात शिरेना. रिकाम्या हाताने तो गावाबाहेर पडे, तिसऱ्या लांडग्यापाशी मरे आणि पुन्हा गावात येई. चष्मेवाल्याने एकदा आवाज बंद करून बघितलं. संगीत का थांबलं, असं अप्पांनी लगेच विचारलं. एका सुट्टीच्या दुपारी ते घोरताहेत असं पाहून बायको सोफ्यावर टेकली, टीव्हीकडे बघत राहिली आणि कुजबुजली, "घे पटकन. एकच बाटली."

"मी जागा आहे," अप्पा उशीतून म्हणाले.

जादूगाराला हरवणारा तो माणूस रोज संध्याकाळी पहिल्या गावाच्या वेशीवर लांडग्यांकडून मार खात होता. राग यायचा, पण कुणावर काढावा हे कळत नव्हतं. कारण नायक मेला की अप्पाही हळहळत. म्हणत, हरला, पण कुणाचं काही न घेता हरला. आणि थोड्या वेळाने म्हणत, चला, उठवा त्याला.

मग एक दिवस डॉक्टरांनी तपासलं आणि पडदा जागेवर बसल्याचं सांगितलं. आता सरळ बसायला हरकत नव्हती. त्या संध्याकाळी बायकोने पाठीशी दोन उशा दिल्या, अप्पांना उठवून बसवलं आणि चष्मा लावला. चष्मेवाल्याने खेळ चालू केला.

अप्पांनी पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. गावाच्या वेशीवर नायक उभा होता. बोटाएवढा, काडीसारखे पाय, मोठं डोकं, आणि हातात त्याच्यापेक्षा उंच तलवार. मार खाल्ल्यामुळे तो एका गुडघ्यावर वाकून धापा टाकत होता.

"हा?" अप्पांनी विचारलं.

"हाच."

"मला वाटलं, चांगला बाप्या असेल." ते पुढे झुकून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. मग ते जावयाकडे वळले. असे ते आजवर त्याच्याशी बोलले नव्हते.

"इतके दिवस या एवढ्याशा पोराला बिनऔषधाचा लढवत होतास? काही वाटतं का रे तुला?"

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"बघतोस काय," अप्पा म्हणाले. "ते कोपऱ्यातलं घर उघड. वरचा कप्पाही बघ."