ढगात ठेवलेली नावं

"आपोआप फकस्त केस पिकत्यात, सुभेदार," धन्यकुमार म्हणाला. "बाकी समदं हातानंच करावं लागतंय!"

पायरीवरचे चौघे फिस्सकन हसले. धन्यकुमारच्या बी-बियाणांच्या दुकानाची ती पायरी म्हणजे कुंडल गावचं हायकोर्ट. रोज सकाळी तिथं कुणाची तरी केस उभी राहते, आणि आरोपी स्वतः हजर असला तर चहाला चव येते. आजचे आरोपी शेजारचेच, रिटायर सुभेदार लालासाहेब. गुन्हा काय? तर बढाई मारली!

"आरं, अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमधी काढल्यात मी!" लालासाहेबांची मिशी थरथरली. "माझा कंप्युटर आता रोज दुपारी दोनला आपला आपला ब्याकप घेतोय. मंजी आतल्या कागदाची दुसरी प्रत काढून जपून ठिवतोय. मी घोरत पडलो तरी! कंप्युटर जळू दे, बुडू दे, म्हशीनं चघळू दे, कागद वाचला मंजी वाचला. आ-पो-आप!"

"कसला कागद हाय?"

"हाय एक. खाजगी."

"बघू," धन्यकुमार म्हणाला. तो कशालाही 'बघू'च म्हणतो.

पण ते 'बघू' लालासाहेबांना मिरचीसारखं झोंबलं. "बघू न्हाई, पैज लाव! बेंदराला महिना हाय. बेंदराच्या दिवशी, चावडीम्होरं, कंप्युटर बंद ठिवून ब्याकपमधनं कागद काढून दावतो. दावला तर तू बैलाची झूल पांघरून मिरवणुकीत चालायचं. न्हाई दावला तर मी!"

"शिंगावरच्या शेंब्या बी?"

"शेंब्या बी! बाशिंग बी! वेशीतली कर बी तोडायची!"

कर म्हणजे बेंदराला, आमच्याकडच्या बैलपोळ्याला, वेशीत आडवी बांधलेली पानांची दोरी. ती मानाचा बैल उडी घेऊन तोडतो. माणसानं तोडल्याची नोंद कुंडलात नव्हती. दूध डेअरीचे चेअरमन आप्पासो पंच झाले, टाळी पडली, आणि लालासाहेब छाती काढून घरी गेले.

आता तो कागद काय होता, ते तुमच्यापासून काय लपवायचं?

लालासाहेब अठ्ठावीस वर्षांनी गावात परत आले, तर त्यांना गावच कळेना! "रिव्हर्सच्या वस्तीवर जा", "भूकंपाला इचारा", "हॅलो-हॅलोनं बोलावलंय". कोण रिव्हर्स? कसला भूकंप? कुंडलात आईबापानं ठेवलेलं नाव फक्त आधारकार्डावर असतं. बाकी सगळा कारभार गावानं पाडलेल्या नावावर चालतो. आपल्याच गावात पाहुण्यासारखं तोंड करून बसायचं जिवावर आलं, तेव्हा त्यांनी एकेक नाव टिपायला घेतलं. नाव, खरं नाव, आणि ते कशामुळं पडलं त्याचा किस्सा. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, दोन वर्षं! तीनशे बारा नावं झाली. वर लिहिलं होतं, 'मी मेल्यावर छापावे.' कारण जिवंतपणी छापलं असतं तर तीनशे बारा माणसांनी मिळून ती अट पुरी केली असती.

तर त्या कागदासाठी हा सगळा खटाटोप. लालासाहेबांनी सांगलीवरून एक छोटी हार्डडिस्क आणली, कंप्युटरला जोडली, दोनची वेळ लावली. निळा दिवा लुकलुकला. झालं काम!

अकरा दिवसांनी बघतात तर डिस्क गायब.

"तानुबाय! हितं काळी डबी हुती, निळ्या लायटीची?"

"ती व्हय? पाटणला धाडली की लोणच्याच्या बरणीसंगं," तानुबाई भाकरी थापत म्हणाल्या. "भावाकडं डास लय हायती. आपल्याकडं काय ती चालंना. रातभर लुकलुकतीया आन् डास हाईत तितकंच!"

लालासाहेबांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. तेवढ्यात मेव्हण्याचाच फोन आला.

"दाजी, मशिनीत लिक्विड कुठनं घालायचं वो? मी वरच्या फटीतनं घातलं, तर दिवाच इझला!"

फोन ठेवून लालासाहेब खाटेवर आडवे झाले. फौजेत असताना बर्फात उभं राहून एवढा थकवा आला नव्हता.

मग त्यांनी ढगाचा रस्ता धरला. म्हणजे कागदाची प्रत घरात ठेवायचीच नाही, इंटरनेटवरून लांब कुठल्या तरी मोठ्या मशिनीत ठेवायची. त्याला म्हणे ढग म्हणतात.

"ढगात ठिवताय?" तानुबाईंनी कपाळाला हात लावला. "आन् पाऊस पडला मंजी?"

"त्यो ढग येगळा, अगं!"

"ढग समदं सारखंच. आज ना उद्या पडतोयच."

कंप्युटरनं विचारलं, कुठं ठेवू? लालासाहेबांच्या ढगात एकच खण तयार होता: 'साक्षीचं लग्न'. साक्षी म्हणजे त्यांची लेक, आता साताऱ्याला असते. नाव मंगल आहे, असू दे, म्हणून लालासाहेबांनी त्यावरच बोट ठेवलं. हिरवी खूण आली. त्या दुपारी ते असे झोपले, असे झोपले की घोरण्यानं शेजारची म्हैस दावं तोडायला लागली!

एकच गोष्ट ते विसरले. लग्नाचे फोटो सगळ्यांना बघता यावेत आणि टाकता यावेत, म्हणून तो खण त्यांनीच भावकीला आणि आळीला उघडा करून दिला होता. दोनशे चाळीस मोबाइलवर!

चौथ्या दिवशी पायरीवर चहा चालला होता. समोर ट्रॅक्टर थांबला आणि वीरधवल मोबाइल नाचवत उतरला. त्याला स्थळ बघायचं चाललंय, म्हणून तो साक्षीच्या लग्नातला कोट घातलेला आपला फोटो शोधत होता. फोटो राहिला बाजूलाच!

"ह्ये कुणी लिवलंय? आँ? ऐका! 'वीरधवल ऊर्फ रिव्हर्स. ट्रॅक्टर शिकला पण मागं घ्यायला शिकला न्हाई. एकदा शेताचा फाटा चुकला, तर वळवायला पलूसपर्यंत गेला. रिपोर्ट समाप्त.'"

लालासाहेबांचा चहा नाकात गेला.

"आणखी हाय का?" धन्यकुमारनं विचारलं.

"तीनशे बारा हायती! ह्ये बघा, 'जोतीराम ऊर्फ भूकंप. कोयनानगरला नोकरीत असताना सवय लागली. आता घरात ताट पडलं तरी टॉवेलावर रस्त्यात येतो.'"

जोतीराम तिथंच बसला होता. तो ताडकन उठला. आप्पासो गालात हसत होते, तोवर त्यांचा नंबर आला. "'आप्पासो ऊर्फ हॅलो-हॅलो. माईक हातात आला की भाषण राहतं आणि माईकच तपासला जातो.'"

"कोण त्यो नावं ठिवणारा?" आप्पासो गरजले. "तंगडं मोडतो त्येचं!"

"तुमचं बी हाय, धन्यकुमार. 'ऊर्फ बघू. पोरगी पसंत हाय का विचारलं, तवा राजमतीवहिनींच्या वडलांना बी बघूच म्हणाला.'"

"हंऽ," धन्यकुमार म्हणाला आणि सावकाश लालासाहेबांकडं वळला. "सुभेदार, तुमाला ठसका लागला काय?"

"आलं... आलं लय घातलंय च्यात," लालासाहेब कसेबसे बोलले आणि घराकडं सुटले.

घरी आल्या आल्या त्यांनी ढगातली प्रत पुसली. हुश्श केलं. जेवले. दोन वाजले आणि कंप्युटरनं इमानदार हवालदारासारखी नवी प्रत नेऊन ठेवली! परत पुसली. दुसऱ्या दिवशी दोनला परत हजर! तिसऱ्या दिवशी हजर! ब्याकप चालू कसा करायचा ते लालासाहेबांना माहीत होतं. बंद कसा करायचा ते कुणाच्या बापाला ठाऊक! आणि गाव काय, दोन वाजले की पारावर, डेअरीत, उसाच्या बांधावर मोबाइल काढून तयार. लालासाहेबांनी पुसायच्या आत दहा-दहा पानं वाचून मोकळं!

एकच खात्रीचा उपाय होता. मूळ कागदच पुसून टाकायचा. म्हणजे ब्याकपला न्यायला काही उरणारच नाही.

लालासाहेबांनी बोट त्या बटणावर ठेवलं. दोन वर्षं डोळ्यापुढून गेली. ह्याच तीनशे बारा नावांनी त्यांना परत गावात घेतलं होतं. आता कुणी 'भूकंप' म्हणालं की ते सगळ्यांच्या आधी हसायचे. बोट खाली जाईना. गोळीबारात कधी न अडलेलं बोट!

"पुसू नगासा," मागून तानुबाई म्हणाल्या. "लय मन लावून लिवलंय तुमी."

"तुला कसं ठावं?"

"मी बी वाचतीय की, दोन वाजता. माझं 'शिलाई मशीन' बरुबर हाय. बोलाय लागली की थांबत न्हाई मी."

लालासाहेबांनी बोट उचललं. कागद राहिला, आणि भीतीही राहिली.

दुसऱ्या सकाळी पायरीवर जोतीरामनं बॉम्बच टाकला. "एक ध्यानात आलं का? समद्यांची नावं हायती. लालासाहेबाचं तेवढं न्हाई!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आं? आसंल की!" लालासाहेबांना घाम फुटला. "निसटलं आसंल. येतंय की... उद्याबिद्या!"

"उद्या?" धन्यकुमारनं विचारलं.

"मंजी, मला काय ठावं! लिवणाऱ्याला इचारा!"

घरी येऊन त्यांनी धडाधड टंकलं. 'तीनशे तेरा. लालासाहेब ऊर्फ वाघ. कारण सांगायची गरज न्हाई. रिपोर्ट समाप्त.' दोन वाजता वाघ ढगात गेला.

दुसऱ्या दिवशी वीरधवलनं ते पायरीवर मोठ्यानं वाचलं. आप्पासोंना एकाएकी खोकला लागला. जोतीराम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. धन्यकुमार लांबलचक "बघूऽऽऽ" म्हणाला. लालासाहेबांना वाटलं, सुटलो बाबा एकदाचं!

बेंदूर आला. चावडीसमोर बैल थोडे, ट्रॅक्टर जास्त. सगळ्यांना रंग, गोंडे, फुगे. बाजूला धन्यकुमारनं घडी घालून आणलेली लाल झूल.

"काढा सुभेदार, ब्याकपमधनं कागद," आप्पासो म्हणाले.

लालासाहेबांनी गर्दीकडं बघितलं. कागद होता की! समोरच्या प्रत्येक खिशात होता. खिशातला मोबाइल काढून 'ह्यो बघा' म्हटलं असतं, तर पैज खिशात. पण 'ह्यो बघा' म्हणणं म्हणजे 'लिवणारा मीच' म्हणणं. वीरधवलच्या हातात कासरा होता. जोतीरामच्या हातात काठी. आप्पासोंची तंगडं मोडायची घोषणा अजून ताजी होती.

"न्हाई निघत," लालासाहेब जमिनीकडं बघत म्हणाले. "ब्याकप बसला न्हाई. हरलो मी."

"आवं, पण..." तानुबाई बोलायला लागल्या.

"गप, तानुबाय!"

मग काय विचारता! झूल चढली. कपाळाला बाशिंग बांधलं. शिंगं नव्हती, म्हणून फेट्यात दोन्ही बाजूंना मक्याची कणसं खोवली आणि त्यांवर पितळी शेंब्या बसवल्या. हलगी कडाडली. बायकांनी ओवाळलं, तोंडात पुरणपोळी कोंबली, पायांवर पाणी ओतलं. पुढं वीरधवलचा ट्रॅक्टर, मागं सुभेदार. अर्ध्या वाटेत ट्रॅक्टर चुकीच्या बोळात शिरला आणि मागं येईना, म्हणून सगळ्या मिरवणुकीला गावाबाहेरून वळसा! पन्नाशी उलटलेले गुडघे कुरकुरत होते. वेशीत कर. पहिली उडी हुकली. दुसरीला एक कणीस पडलं. तिसरीला लालासाहेबांनी दोन्ही हातांनी धरून लोंबकळूनच कर तोडली आणि पानांसकट खाली बसले. उठावंसं वाटेना.

आप्पासोंनी माईक घेतला. "हॅलो, हॅलो... येतंय का आवाज? हॅलो... तर मंडळी, पंचाचा निकाल. पैज लालासाहेबांनी जिंकल्याली हाय!"

लालासाहेबांनी बाशिंग वर केलं. "आं?"

"ब्याकप बसला न्हाई कसं म्हणताय? दोन आठवडं समदं गाव वाचतंय त्यो! 'रिपोर्ट समाप्त' असं कुंडलात आणि कोण लिवणार? माझं पोरगं की डेअरीची म्हस?"

"मग मला झूल कशापायी?"

"ती पैजेची न्हाई," धन्यकुमार गुडघ्यावर थापा मारत म्हणाला. "आमाला भूकंप, रिव्हर्स, बघू... आन् सोताला वाघ? ती झूल वाघाची हाय, सुभेदार!"

वेस हसून हसून आडवी झाली. लालासाहेब तसेच बसून होते. थकल्या आवाजात त्यांनी विचारलं, "बरं. मग तुझी झूल कवा?"

"बघू," धन्यकुमार म्हणाला.

तंगडं कुणीच मोडलं नाही. उलट रांग लागली. जोतीराम कानाशी लागला, "टॉवेल नव्हता गड्या, चादर हुती. दुरुस्त कर." वीरधवल म्हणाला, "पलूसच्या बी म्होरं गेलतो, कमी का लिवलंसा?" दोन जण तर आपलं नाव नाही म्हणून रुसले होते. आणि गर्दीतून कोणीतरी हाक मारली, "आवं आपोआप! उठा, घरी चला!"

झालं. नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी अंगाला तेल चोळून घेऊन लालासाहेब कंप्युटरसमोर बसले. 'वाघ' पुसलं. दोन बोटांनी सावकाश लिहिलं, 'तीनशे तेरा. लालासाहेब ऊर्फ आपोआप.' दोन वाजले. हिरवी खूण आली. तेवढ्यात साताऱ्याहून साक्षीचा फोन.

"आबा, माझ्या लग्नाच्या फोटोत चाळीस नवीन फोटो आलेत. सासूबाई विचारतायत, हा मक्याच्या शिंगाचा बैल कोण? आला कुठनं?"

लालासाहेबांनी एक लांब उसासा सोडला.

"कुठनं न्हाई बाळ," ते म्हणाले. "आपोआप आलाय."