दोनशे पावलांच्या नदीची फत्ते

हुजूर खात्याने आमच्या नदीविषयी खोटे लिहिले आहे. सही करून, शिक्का मारून, लोखंडी फलक रोवून लिहिले आहे. आणि ते खोटे आहे ऐसे आम्ही तीन वेळा लेखी कळवले असता खात्याने तीनही वेळा तोंडात गुळणी धरली आहे. ते खोटे कोणते, आणि त्यात आमचा स्वतःचा हात कोपरापर्यंत कसा बुडाला होता, ही हकीकत मुळापासून लिहून ठेवतो. लिहिणार कोण, तर नदीकाठच्या गल्लीत कापडी झेंडे, फलक व पिशव्या छापणारा छापखानेवाला. शिक्षण इयत्ता नववी, तीही अर्धी; पुढची विद्या दुसऱ्यांची हँडबिले छापता छापता अंगास लागली. भाषा जड वाटल्यास दोष आमचा, मजकूर जड वाटल्यास दोष खात्याचा.

मुलूख म्हणावा तर दोनशे पावले. वरच्या अंगास लोखंडी साकव, खालच्या अंगास पंपघर आणि त्याचा बुटका बंधारा, आणि मध्ये नदी. रुंदी ऐसी की या काठावरून दिलेली शिवी त्या काठावर शब्दशः पोचावी. रंग जुन्या पाटीसारखा करडा, ऊन पडले की किंचित हिरवट. काठास चार संस्थाने: सर्वांत वर आमचा छापखाना, मग सलूनकरांचे सलून, मग गॅरेजकरांचे गॅरेज, आणि सर्वांत खाली, जेथे पायऱ्या पाण्यात उतरतात, तेथे आमच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब यांची लाँड्री. आक्कासाहेबांच्या दोऱ्या त्या पायऱ्यांवर बांधलेल्या, आणि दवाखान्याच्या साठ-सत्तर चादरी दररोज तेथल्या वाऱ्यावर वाळत. त्याविना दुसरी जागा नाही, आणि जागा नाही तर लाँड्री नाही. पाणी आमच्याकडून त्यांच्याकडे वाहते, ही गोष्ट वाचणाऱ्याने ध्यानी ठेवावी. आम्ही ठेवली नव्हती.

तो एके मंगळवारी सकाळी लाँड्रीच्या दारावर फर्मान चिकटले. मजकूर येणेप्रमाणे: साकवापासून पंपघरापर्यंत नदीवर स्लॅब घालावा, वर वाहनांचा तळ करावा, हरकत असल्यास दोन महिन्यांत कळवावी. आक्कासाहेबांनी इस्त्री चादरीवर तशीच ठेवून ते दारात उभ्याने वाचले आणि आत चादरीस डाग पडला.

"म्हणजे चादरी काय मी गाड्यांच्या आरशांवर वाळत घालू?" एवढेच बोलल्या, आणि मग डाग काढावयास बसल्या.

मग गॅरेजात मसलत बसली. उघड्या पडलेल्या स्कूटरांच्या सीटा मांडून दरबार केला, आणि तेथे कारकूनकाका दाखल जाहले, जे तीस वर्षे एका दफ्तरात बसून निवृत्त जाहले आणि आता सलूनमध्ये फुकटचे वर्तमानपत्र वाचून दिवस काढतात. काकांनी पिशवीतून एक जुने परिपत्रक काढले आणि सांगितले ते ऐसे: जो प्रवाह सरकार 'रम्य' म्हणून जाहीर करील त्यावर स्लॅब, भिंत, खांब काही घालता येत नाही. अटी दोन. काठावरील सर्व रहिवाशांनी एका कागदावर सही करावी की आमचे घाण पाणी नदीत जात नाही. आणि मग खात्याचा पाहणी अधिकारी येऊन नदी स्वतःच्या डोळ्यांनी पाहील व तक्ता भरील. सलूनकरांनी विचारले की आपली नदी रम्य आहे का. सर्वांनी माना वळवून नदीकडे पाहिले. "आहे की," आक्कासाहेब म्हणाल्या, "रोज बघून बघून कळत नाही एवढंच."

सेनापती कोण, हे कोणी विचारले नाही. आम्हीच उत्तर दिले. आणि मग आम्ही वही घेऊन काठाने निघालो. पहिल्या दिवशी चिखलात बसलो, दुसऱ्या दिवशी वही बसली, तिसऱ्या दिवशी गनिमांची यादी सिद्ध जाहली: गॅरेजकरांचे तेल, सलूनकरांचे केस, आक्कासाहेबांचा साबण. आम्ही प्रत्येकावर स्वतंत्र पत्रक छापले. 'गॅरेजवाले नदीला तेल पाजतात' हे ठळक टायपात गॅरेजच्याच शटरवर लावले आणि चार पावले मागे सरून आपल्याच अक्षरांकडे पाहत राहिलो. सत्य बोलण्यास आपण कोणास भीत नाही, ऐसा त्या काळी आमचा आमच्याविषयी समज होता.

सलूनकरांनी हातातला वस्तरा न थांबवता उत्तर दिले. "दादा, केस कुजतात. तुझी पत्रकं कुजत नाहीत. तीन माझ्या गटारात तुंबलीत."

गॅरेजकर आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी आपल्या दारात वाळूचा खड्डा खणला आणि तेल त्यात जिरवू लागले. सलूनकरांनी मोरीस जाळी बसवली. आक्कासाहेबांनी साबणाचे पाणी स्वतः पाइप जोडून रस्त्याच्या गटारात वळवले. ही सर्व फत्ते आमच्या लेखणीची, ऐसे आम्ही सर्वांस सांगत फिरलो. पुढे कळो आले की आक्कासाहेब रोज संध्याकाळी चहाची किटली घेऊन एकेकाच्या दारी जात आणि "तो तसाच आहे, तू मनावर घेऊ नकोस, पण खड्डा तेवढा खण," ऐसे सांगून येत. चौथी मोरी कोणी तपासली नाही, कारण तपासनीस रोज त्याच मोरीत हात धूत असे.

सह्या जाहल्या, दरखास्त रवाना जाहली, आणि मुदतीस अकरा दिवस उरले असता पाहणीची तारीख कळली. मग आम्ही ठरवले की अधिकाऱ्याचे स्वागत दोनशे निळ्या झेंड्यांनी करावे आणि प्रत्येकावर 'नदी आपली, जपणूक आपली' हा आमचा स्वरचित मजकूर असावा. कोणी मागितले नव्हते. पाहणीच्या सकाळी सात वाजेतो झेंडे छापले, आठ वाजता छपाईच्या फ्रेमा मागल्या मोरीत धुवावयास घेतल्या आणि घाईत कोपर लागून निळ्या रंगाचा उरलेला अर्धा कॅन आडवा जाहला. तो मोरीत गेला, मोरीतून पाइपात गेला, आणि आम्ही वर एक बादली पाणी ओतून स्वच्छता केली व झेंडे घेऊन निघालो.

दिवस उन्हाळ्याचे, पाणी थोडे, खाली बंधाऱ्याने अडलेले. दहा वाजता पाहणी अधिकारी साकवावर आले तेव्हा साकवापासून पंपघरापर्यंत नदी निळी होती. फिकट नव्हे, दुकानात मांडून ठेवावी तशी निळी. काठावर सारी फौज झेंडे धरून उभी. एक बदक बंधाऱ्याजवळून गेले, त्याचे पोट निळे होते.

अधिकारी साधे गृहस्थ. चष्मा, हातात कागद लावलेली फळी, बुटांना दुसऱ्या कोणत्या तरी नदीचा चिखल. "बारा वर्षं पाहणी करतोय," ते म्हणाले, "पाण्याचा रंग हा रकाना आज पहिल्यांदा भरावासा वाटतोय. नेहमी असंच असतं का पाणी?"

सर्वांनी सेनापतीकडे पाहिले. आणि ज्या मुखाने शेजाऱ्यांची मोरी न् मोरी चव्हाट्यावर आणली त्याच मुखाने आम्ही म्हणालो, "हो साहेब. उपजतच."

तेवढ्यात वाऱ्याने आक्कासाहेबांच्या दोरीवरची एक चादर उडून पाण्यात पडली. त्यांनी ती ओढून काढली, पाहिली, मग आमच्या हातांकडे पाहिले. आम्ही हात खिशात घातले, आणि खिसेही निळे जाहले.

एकवीस दिवसांत हुकूम आला. सदरहू प्रवाह उपजत निळा असल्याने रम्य ठरवण्यात येत आहे, स्लॅब रद्द. गल्लीत आनंद जाहला, फलक रोवला गेला, सलूनकरांनी आमची दाढी विनंतीवाचून केली. मग कारकूनकाकांनी चष्मा पुसून खालची बारीक ओळ वाचली: दरवर्षी पाहणी होईल, आणि निळाई कमी आढळल्यास दर्जा आपोआप रद्द समजावा. तोवर पावसाची एक सर येऊन गेली होती आणि नदी पुन्हा पाटीसारखी करडी वाहत होती.

दुसरी मसलत बसली. "वर्षातून एक कॅन," गॅरेजकर म्हणाले. "कोण मरतंय त्यानं?" सलूनकरांनी सुचवले की रंग थोडा फिका घ्यावा, म्हणजे दरवर्षी वाढवण्यास वाव राहतो. आम्ही मान डोलावली. हे लिहिताना शरम वाटते, परंतु हकीकत लिहावयास बसल्यावर आपल्या सोयीची पाने फाडता येत नाहीत. शेजाऱ्याने चमचाभर तेल सांडले तर पत्रक काढणारे आम्ही, वर्षास एक कॅन कोणत्या महिन्यात ओतावा याचे टिपण करत होतो.

तो आक्कासाहेब आल्या आणि ती चादर आमच्या मांडीवर टाकली. अजून निळसर होती.

"धू."

"आक्का, अगं हा कापडाचाच रंग. निघत नाही."

"ते मला सांगतोस? तीनदा सोड्यात उकळली. दवाखान्यानं परत पाठवली." मग त्या स्कूटरच्या सीटेवर बसल्या. "आणि तुझ्या कॅनवर माझा काठ दरवर्षी उभा राहणार? पाहणीच्या दिवशी तुला ताप आला, तर?"

"अंथरुणातून उठून येईन की."

"गप. लिही त्या साहेबाला, निळं मी केलं म्हणून."

"दर्जा जाईल. स्लॅब येईल. तुझ्या दोऱ्या..."

"माझ्या दोऱ्या मी बघते. तू तुझी मोरी बघ."

यावर दरबार बरखास्त जाहला.

मग आमच्या स्वतःच्या मोरीवर स्वारी निघाली. गॅरेजकरांनी पहार घेतली, सलूनकरांनी टोपले घेतले, आणि दोन दिवसांत आमच्या मागल्या अंगणात खडी-वाळूचे दोन खड्डे जाहले आणि नदीकडे जाणाऱ्या पाइपाचे तोंड सिमेंटने कायमचे बंद जाहले. मजुरी काय घ्याल म्हणता दोघांनी एकच गोष्ट मागितली. 'छापखानेवाले नदीला रंग पाजतात' हे पत्रक त्याच ठळक टायपात, चाळीस प्रती, आमच्याच हातून छापून घेतले. सलूनकर शेजारी उभे राहून एकही प्रत पुसट येत नाही ना, हे पाहत होते. एक प्रत आमच्या शटरवर आजही आहे. येणारी गिऱ्हाइके आधी ती वाचतात, मग आत येतात.

त्यानंतर खात्यास खलिता पाठवला. त्यात कॅन, कोपर, मोरी आणि 'उपजतच' हा शब्द, सारे कबूल केले आणि पुरावा म्हणून चादरीचा वीतभर तुकडा टाचला. उत्तर नाही. दुसरा खलिता, दुसरा तुकडा, उत्तर नाही. तिसरा खलिता घेऊन कारकूनकाका जातीने खात्याच्या खिडकीवर गेले.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, दर्जा मिळाला ना? मग तक्रार कसली?"

"तक्रार नाही बाई, दुरुस्ती. नदी निळी नाहीये."

"फाइलीत निळी आहे."

"मी रोज बघतो तिला."

"तुम्ही बघता हो, पण फाइलीत तुम्ही नाही."

काका जुने कारकून. हे उत्तर त्यांनी स्वतः तीस वर्षे लोकांस दिलेले. ते परत आले आणि एवढेच सांगितले की चादरीचा तुकडा त्यांनी पाहिला, बाई त्याने शिक्क्याचे पॅड पुसत होत्या.

येणेप्रमाणे ही मोहीम समाप्त जाहली, ती दप्तरी नोंदवतो. स्लॅब आला नाही. दोनशे पावलांत नदीत तेल नाही, केस नाहीत, साबण नाही, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत उशिरा, आमचा रंग नाही. बदकाचे पोट पांढरे आहे. आक्कासाहेबांच्या दोऱ्या जागच्या जागी आहेत, आज सकाळी त्यांवर चौसष्ट चादरी होत्या. ऐसी फत्ते जाहली. ती खोट्यावर उभी आहे, आणि ते खोटे आधी आमचे होते, आता खात्याचे आहे.

पुढील महिन्यात पाहणी आहे. आम्ही चौघे काठावर उभे राहू, झेंडे असणार नाहीत, हात खिशाबाहेर असतील, आणि नदी जशी असेल तशी असेल. तरी हुजूर खात्याने त्यापूर्वी एवढे एकच सांगावे: करडी, उन्हात किंचित हिरवट, एका काठावरून दुसऱ्या काठास शिवी ऐकू जाईल एवढीच रुंद, अशी ही नदी रम्य आहे की नाही? होय किंवा नाही, लेखी कळवावे. शाईची अडचण असल्यास तसेही कळवावे. निळी आमच्याकडे डबाभर पडून आहे, आणि ती ओतावयास आता जागा उरलेली नाही.