हात आडवा धरणारे संपतराव

माणसं हॉटेलात जातात पोट भरायला, आमचे संपतराव जातात नावं ठेवायला. आणि तेही कुठल्याही हॉटेलात नाही. 'घरगुती मराठी जेवण' अशी पाटीच हवी. दुबईच्या रस्त्यावर अशी पाटी दिसली की हा गृहस्थ गाडी बैलगाडीसारखी चालवायला लागतो. मागचे लोक हॉर्न वाजवून दमतात आणि हे आपले खिडकीतून मान काढून पाटी वाचतायत.

संपतराव म्हणजे माझ्या जावयाचे मावसभाऊ. गाव इस्लामपूरजवळचं, उसाच्या पट्ट्यातलं. साखर कारखान्यात बॉयलरवर होते, कुणाच्या तरी ओळखीनं दुबईच्या कंपनीत लागले आणि तिथंच राहिले. बायको सुमन गावाकडं, ऊस आणि म्हशी सांभाळते. मी लेकीकडं दुबईला निघाले तेव्हा ही सुमन मुद्दाम एसटीनं उंब्रजला माझ्याकडं आली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, आणि डोळ्यांत काळजी.

"मावशी, फोनवर नुसती गालफाडं दिसत्यात त्यांची. इचारलं की जेवलो म्हणत्यात. काय खात्यात तेवढं बगून या. न्हाईतर मी सरळ सांगणार हाय, नोकरी सोडा आन् घरी या."

आता घराचं बांधकाम अर्धं राहिलेलं, पोरगी इंजिनिअरिंगला. नोकरी सुटली तर काय होईल ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण नवरा वाळत चाललेला बघून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून मी हे काम अंगावर घेतलं.

गेले आणि बघितलं. माणूस खरंच वाळला होता, जीभ मात्र चांगली धष्टपुष्ट. आठवडाभर कंपनीच्या मेसमधला भात गिळायचा आणि रविवारी मला, लेकीला आणि जावयाला गाडीत घालून 'खरं जेवण' शोधायला निघायचं, हा त्यांचा नेम.

पहिल्याच हॉटेलात भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं. संपतराव दारातच थांबले. "चाक भितीवर हाय म्हंजे गाडी मोडल्याली दिसती. हितं काय मिळणार?" तरी बसलो. वाढपी सगळे फेटे बांधलेले, आणि एकालाही मराठी येत नाही. संपतरावांनी अख्खा मसूर मागवला. आमच्या कऱ्हाड-इस्लामपूरच्या ढाब्यावर अख्खा मसूर म्हणजे काय ते खाणाऱ्यालाच विचारावं. मसूर सबंध, कांदा-लसूण मसाला झणझणीत, वर तेलाचा लाल तवंग. इथं आला तो पिवळसर, वर पांढऱ्या सायीची नक्षी आणि कोथिंबिरीचा तुरा.

"ह्या मसुराचं डोहाळजेवण हाय का?" संपतरावांनी वाढप्याला विचारलं. तो बिचारा 'येस सर' म्हणाला.

मग ठेचा आला, टोपणाएवढ्या वाटीत. त्यावर हे म्हणे, हा खायचा का पोराला तीट लावायची? मग भाकरी दिव्यापुढं धरून बघितली आणि पलीकडचं सगळं दिसतंय म्हणून सांगितलं. मला कळेना, हा माणूस जेवायला आलाय का जमीन मोजायला? परत येताना गाडीत निकाल लागला. निकाल ठरलेला असतो. "चव कऱ्हाडच्या पुलावरच उतरली बगा मावशी. हितवर न्हाई आली."

असे रविवारमागून रविवार. एका हॉटेलात रश्शात टोमॅटो सापडला म्हणून हे भटारखान्यात शिरले आणि आचाऱ्याला मसाला कसा परतायचा ते हातवारे करून शिकवून आले. आचारी बिहारचा. त्याला वाटलं, मालकाचे सासरे असावेत. त्यानं पाया पडून घेतलं. आम्ही बाहेर तोंड लपवून बसलेलो.

मग एक हॉटेल सापडलं. तासगावकडच्या एका नवराबायकोचं. बाई आत स्वतः भाकऱ्या थापत होती. मटणाचा रस्सा असा की मी म्हातारी बोटं चाटत बसले. संपतरावांनीही ताट पुसून लख्ख केलं. म्हटलं, चला, सुमनला फोन करते, सापडलं एकदाचं. पण गाडीत बसल्यावर हे हळूच म्हणाले, "न्हाई. कायतरी कमी हाय."

आता मात्र माझी सटकली. पुढच्या रविवारी मी त्याच हॉटेलात जायचा हट्ट धरला आणि या वेळी जेवणाकडं बघितलंच नाही, संपतरावांकडं बघत बसले.

वाढपी भाकऱ्यांची टोपली घेऊन आला. चांगला वयस्कर, टक्कल पडलेला केरळचा माणूस. "और दूँ सर?" संपतरावांनी ताटावर हात आडवा धरला. "नको नको, बास." वाढपी निघून गेला. आणि संपतरावांची नजर त्या टोपलीमागं पार पलीकडच्या टेबलापर्यंत गेली.

आमच्याकडं जत्रेच्या जेवणाला पाव्हणा काय करतो, तुम्हाला ठाऊक आहे. ताटावर दोन्ही हात धरतो, जमलं तर आडवाच पडतो. आणि वाढणारा त्याच्या बोटांमधून भाकरी सारतो. दोनदा नको आणि तिसऱ्यांदा बळंच, हा कायदा. संपतरावांचे चुलते एकदा एका घरी पहिलंच 'बास' खरं मानलं गेलं म्हणून अर्धपोटी उठले, ते आजतागायत त्या घराची पायरी चढलेले नाहीत. हे संपतरावांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. आणि असला माणूस दुबईत टेबलाटेबलावर हात आडवा धरत हिंडत होता. तिथले वाढपी शहाणे. नको म्हटलं की नको.

"अवो पाव्हणं, आणखी हवी तर मागा की," मी म्हटलं.

"मागून खायला मी काय उपाशी हाय का?"

होताच. एवढा बॉयलर सांभाळणारा माणूस, पण स्वतःच्या पोटातली आग ह्याला सांगता येईना.

माझा तिथला शेवटचा रविवार आला. हात धुवायचं निमित्त करून मी त्या वाढप्याला गाठलं. मिलिटरीवाल्याची बायको मी, जन्म छावण्यांत गेला, माझी हिंदी कुणाला भीत नाही. म्हटलं, "वो ना बोलेगा. तू सुन मत. हाथ हटा और डाल."

"अम्मा, ना बोला तो कैसे डालेगा?"

"वो मुँह से ना बोलता है. पेट से नहीं."

तो मान हलवत आत गेला. पण टोपली घेऊन आला. पहिली भाकरी भीत भीत टाकली. संपतराव दचकले. "आरं, नको म्हणलं न्हवं?" त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, त्यानं दुसरी टाकली आणि वर रस्सा ओतला. संपतरावांनी ती रश्शात कुस्करली. तिसऱ्यांदा टोपली आली तेव्हा त्यांचा हात आडवा होता खरा, पण भाकरी जाईल एवढी फट ठेवून. मान खाली घालून जेवत होते. कानशिलावरून घाम निघाला होता. त्या दिवशी त्यांनी कशालाच नाव ठेवलं नाही.

परत येताना गाडी जावयांनी घेतली. शेजारी बसल्यावर संपतरावांनी सुमनला फोन लावला. बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

"काय सांगू तुला," आवाज चांगला वैतागलेला, "नको म्हणतोय, हात धरतोय, तरी वाढतोयच. ऐकतच न्हाई गडी. लय तरास दिला."

पलीकडनं सुमननं विचारलं, "परत या म्हणलं का त्यांनी?"

"म्हणलं तर. पुढल्या रविवारी या, वाट बगतो म्हणलाय."

वाढपी असलं काही बोलला नव्हता. जावई आरशातून माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.