फ्रिजमधली खाडी

"तू बिनधास्त जा! त्या बाटल्यांकडे घरातली माशीसुद्धा फिरकणार नाही!" अरविंदने बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सानपाड्याच्या त्या फ्लॅटमध्ये अरविंदने छातीठोकपणे सांगितलेल्या गोष्टींचा इतिहास फारसा उज्ज्वल नव्हता. पण माणसाने आशा का सोडावी?

बाटल्या बारा होत्या आणि त्यांत त्याच दिवशी भरतीला भरलेलं खाडीचं पाणी होतं. अरविंदची बायको वैजयंती तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत पाण्याच्या प्रदूषणावर संशोधन करायची. खाडीत कुठले धातू उतरतात, कुठली रसायनं उतरतात, हे शोधायला ती गेलं वर्षभर दर पौर्णिमेला ऐन भरतीच्या वेळी सारसोळ्याच्या जेट्टीवर जाऊन पाणी भरत होती. आजची पौर्णिमा शेवटची. ही हुकली की वर्षाची मेहनत अर्धवट आणि अहवाल लटकला! नेमका आजच प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला आणि दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, आता धुळवड झाल्यावरच!" म्हणून खाडी घरच्या फ्रिजमध्ये आली, कोथिंबिरीच्या शेजारी.

वैजयंती तुर्भ्याला परत गेली. अरविंदने कागदावर 'हात लावू नये' असं लिहून फ्रिजला चिकटवलं. मग आईला बजावलं. सत्यभामाबाई साताऱ्याकडच्या. मुलाच्या नोकरीपायी नवी मुंबईत येऊन वीस वर्षं झाली तरी बोली तीच.

"आई, हे वैजूच्या वर्षभराच्या कष्टाचं पाणी आहे. जिवापाड जपायचं!"

"आरं, मला काय सांगतोस? पोरीचं काम मला कळत न्हाय व्हय?"

झालं! कामगिरी फत्ते समजून अरविंद सोफ्यावर आडवा झाला, तो थेट पाच वाजता उठला.

उठला तोही भुकेने. त्या दिवशी चंद्रग्रहण होतं. सकाळपासून वेध लागलेले आणि खाण्यावर आईची सक्त बंदी. आई बाल्कनीत जपमाळ घेऊन बसलीय, हे बघून तो पावलं न वाजवता फ्रिजपाशी गेला आणि त्याने श्रीखंडाचा डबा उघडला. श्रीखंडावर तुळशीचं पान! दुधात पान, दह्यात पान, लोणच्यातही पान. ग्रहणात अन्नपाणी बिघडू नये म्हणून आई दर वेळी टाकायची. अरविंदला हसू आलं. मग त्याची नजर खालच्या कप्प्याकडे गेली.

बाराच्या बारा बाटल्यांत एकेक पान ऐटीत तरंगत होतं!

"आई! हे काय करून ठेवलंस?"

"काय म्हंजी? गिराण हाय आज! गिराणातलं पाणी वतून द्यावं लागतं. पोरीचं वरीसभराचं पाणी मी मोरीत वतू व्हय? तूच म्हणलास की, जिवापाड जप! झाकणं काय घट्ट व्हती, बाई! मनगटं भरून आली."

"अगं, पण हात लावू नये असं लिहिलंय ना!"

"म्या कुठं लावला? पानं धुतली आन् चमच्यानं सोडली!"

शहाण्या माणसाने इथे बायकोला फोन केला असता. अरविंदने पोळ्यांचा चिमटा हातात घेतला. एकेक करत बाराही पानं बाहेर काढली, झाकणं घट्ट लावली आणि मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. पानं निघाली, पण पानांचं जे काय पाण्यात उतरलं असेल ते कसं काढणार? मग त्याला तोडगा सुचला. खाडी तर तिथेच आहे! नवीन पाणी आणायचं, बाटल्या भरायच्या, वैजूला पत्ता लागणार नाही. त्याने दहा लिटरचा कॅन उचलला आणि रिक्षा पकडून सारसोळं गाठलं.

खाडी तिथे नव्हती! सहा वाजले होते, ओहोटी लागलेली. जेट्टीच्या पुढे लांबवर नुसता काळा चिखल. पाणी कुठेतरी पलीकडे चमकत होतं. "दहा पावलं तर आहेत," असं म्हणत अरविंद उतरला. तिसऱ्या पावलाला डावी चप्पल गेली, चौथ्याला उजवी, पाचव्याला तो स्वतः कमरेपर्यंत गेला.

जेट्टीवर जाळं विणत बसलेली पुतळाबाई कोळीण ओरडली, "ए बाबा! कोन रं तू? चिखलात कशाला उतरलास?"

"पाणी भरायला!"

"व्होटीला? पानी हाय कुठं आता?" तिने वल्हं पुढे केलं आणि त्याला खेचून वर काढलं. त्याच्या हातातला कॅन बघून तिने कपाळाला हात लावला. "आमच्या वैजूताईंचा नवरा काय तू? अरे, पुनवेचं उधान दोन-तीन दिस चालतं. उद्या दुपारी ये, एवढंच पानी चढंल! ताईंना सगलं ठावं हाय. तुला बोलल्या नाय?"

बोलली असती. विचारलं असतं तर!

घरी दारातच वैजयंती उभी होती. अंगावर चिखल घेऊन खोटं बोलता येत नाही. अरविंदने सगळं सांगून टाकलं. सत्यभामाबाईंचे डोळे भरून आले. "माझ्या हातानं पोरीचं वरीस बुडालं गं!"

वैजयंतीने आधी त्यांना जवळ घेतलं. "आई, रडू नका. उद्या परत भरू, जादा बाटल्या आहेत. आणि पानांमुळे फक्त रसायनांची तपासणी गेली. धातूंची तरी..." तिचं लक्ष ओट्यावर गेलं. "हा चिमटा इथे ओला का?"

अरविंदने घाईघाईने तो उचलून पुसायला घेतला.

"लोखंडाचा चिमटा! बाराही बाटल्यांत?"

"पानं काढायला..." तो पुटपुटला.

"धन्य आहे तुझी!" वैजयंती म्हणाली आणि हसता हसता खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ऐन धुळवडीत तिघं जेट्टीवर गेली. बाटल्या भरून झाल्यावर सत्यभामाबाई बर्फाच्या पेटीवर पदर खोचून बसल्या. पिचकारी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी दम भरला, "लांब! पोरीच्या संशोधनाचं पाणी हाय!" रंगाचा एक थेंब पेटीवर पडला नाही. अरविंदला पेटीपासून वीस पावलं लांब उभं केलं होतं.

चार महिन्यांनी अहवाल छापून आला. पहिल्याच पानावर आभार: 'अखेरचे नमुने डोळ्यांत तेल घालून राखल्याबद्दल माझ्या सासूबाई सत्यभामाबाई यांचे.' अरविंदने स्वतःचं नाव शोधायला अख्खा अहवाल पालथा घातला. सापडलं! पान एकशे बारा, 'नमुने दूषित होण्याची कारणे': 'एका पौर्णिमेचे बारा नमुने पती अरविंद यांनी स्वयंपाकघरातील चिमटा बुडवल्यामुळे बाद करावे लागले.'

हे पान तो कुणालाच दाखवत नाही. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, चहाच्याही आधी, आई दाखवते!